ब्रेकला अभ्यंगस्नान

आमच्या गाडीत बसायची एक रीत आहे. आधी पाठ आत घालायची, मग डोकं वाकवायचं आणि सगळ्यात शेवटी बाहेर राहिलेले दोन्ही पाय एकेक करून आत ओढून घ्यायचे. उतरायची रीत मला अजून नीटशी सापडलेली नाही. बहुतेक वेळा मी दार उघडतो, एक हात जमिनीला टेकवतो आणि रांगत बाहेर येतो. अकरावी-बारावीच्या पोरांना जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस बुलढाण्याच्या बाजारात असा उतरताना दिसला की ओळखीचे लोक आदरानं दुसरीकडं बघतात.

गाडी दोनच जणांची, पिवळी, आणि इतकी बुटकी की गतिरोधक आला की तिच्याआधी माझंच पोट आत जातं. निवृत्त झाल्यावर कोणी तीर्थयात्रा करतं, कोणी कवळी बसवून घेतं. मी ही घेतली, पुण्याच्या एका माणसाकडून, जुनीच. दारात आणून उभी केली तेव्हा बायको ओट्यावर होती. ती खाली उतरली, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वाकून आत पाहिलं.

"ह्यात बसतेत का निजतेत?"

"स्पोर्ट्स कार हाये ते."

"हाव, पन खेळनार कोन?"

एवढं बोलून ती आत गेली. गाडीत काही बसली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, ती माझ्या जुन्या स्कूटरवर मागं बसायची, नाहीतर सरळ एसटी धरायची. तिचा धाकटा भाऊ एकदा आला, त्यानं कमरेवर हात ठेवून गाडी पाहिली आणि फार गंभीरपणे विचारलं, "भाऊजी, हिचं वरचं अर्धं कधी येनार हाये?"

आमचं घर गावाच्या कडेला. तिथं बुलढाणा संपतं आणि प्लॉट पाडून ठेवलेला माळ सुरू होतो. रस्ते डांबरी आणि गुळगुळीत, फक्त त्यांच्या दोन्ही बाजूंना घरं यायची राहिलेली आहेत. पावसाळ्यात इथं ढग खाली उतरतात. सकाळी खिडकी उघडली की एखादा ढग न विचारता आत येऊन बसतो, आणि दुपारपर्यंत वाळत घातलेल्या कपड्यांशी गप्पा मारतो. अशा हवेत पिवळी गाडी बाहेर काढायला माझा जीव होईना. मी तिला घराच्या बाजूला पत्र्याखाली उभी केली, हँडब्रेक करकचून ओढला, वरून धान्य झाकायची निळी ताडपत्री घातली आणि पावसाळाभर विश्रांती दिली. असं मी लोकांना सांगायचो. खरं तर तिला विश्रांती कुठली, रोज दुपारी जेवण झालं की मी ताडपत्रीखाली शिरून तिच्यात बसत होतो.

आत सगळं निळं असायचं. माझे हात निळे, स्टिअरिंग निळं, काचेवर साचलेली वाफही निळी. वर पाऊस पडायचा, पण ताडपत्रीमुळं तो दूर कुठल्यातरी दुसऱ्या गावात पडतोय असा वाटायचा. मी गिअरवर हात ठेवून डोळे अर्धे मिटले की निघालोच. गाडी जागची हलत नव्हती, मी मात्र लोणारच्या काठानं वळसा घालून मेहकरकडं, तिथून उलटा फिरून घाट उतरून खाली, आणि मग सातपुडा डाव्या हाताला ठेवून संग्रामपूरच्या रस्त्यानं. त्या रस्त्यावर माझं लहानपण गेलं. बैलगाडीहून वेगानं जाणारी एकच गोष्ट तेव्हा तिथं होती, ती म्हणजे उन्हाळ्यातली वावटळ. आता मी त्या वावटळीला मागं टाकत होतो. एकही गतिरोधक लागत नव्हता. नदीला पूर असला तरी पूल कोरडा असायचा. कधी कधी डोळा लागायचा, पण त्यानं प्रवासात खंड पडायचा नाही. झोपेत मी फार चांगली गाडी चालवतो.

मग ताडपत्रीचा कोपरा उचलला जायचा आणि चहाचा कप आत यायचा.

"कुठंवर पोचले?"

"आत्ताच जळगाव जामोद सोडलं."

"येतानी भाजी आनजा."

असा पावसाळा चालला होता. पण दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी कप आत आला आणि तिनं ताडपत्रीचा कोपरा सोडलाच नाही. बाहेरचा पांढरा उजेड माझ्या निळ्या रस्त्यावर येऊन पडला.

"चिखलीचा तो बियान्याचा दुकानदार हाये न, त्याले म्या सांगून ठेवलं," ती म्हणाली. "त्याले अशीच गाडी पाहिजे. दिवाळी झाली की येतो म्हने पाहाले."

मी स्टिअरिंग सोडलं नाही.

"असं तोंड नका करू. माही एक अट हाये. भाऊबीजेले मले ह्यात बसवून धामनगावले न्या. घाट उतरा, माह्या भावाच्या दारात गाडी उभी करा. तेवढं केलं त गाडी तुमची. म्या पुन्हा तोंड नाई उघडत. आन नाई जमलं, त तो मानूस येईन तवा चाबी त्याच्या हातावर ठेवा."

धामणगाव बढे हे तिचं माहेर. बुलढाणा पठारावर, ते खाली मोताळा तालुक्यात, आणि मध्ये राजूरचा घाट. एसटीवाले तो घाट गप्पा मारत उतरतात. ताडपत्रीखाली मीही तो रोज उतरत होतो, वळणावळणावर, एका हातानं. त्यामुळं मी लगेच हो म्हणालो. आपल्याला जे फक्त स्वप्नात येतं त्याच्या बळावर माणसानं शब्द देऊ नये. पण चहा गरम होता.

पाडव्याच्या दिवशी सकाळी ताडपत्री काढली. बॅटरी शहाण्यासारखी वागली, इंजिन सुरू झालं, घरघरलं. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी नुसतीच पुढं झुकली, उठू पाहणाऱ्या म्हशीसारखी, अन् पुन्हा बसली. हँडब्रेक सोडला होता. पुन्हा एकदा केलं. पुन्हा ती झुकली अन् बसली. उतरून, म्हणजे रांगत, मी चाकाशी गेलो आणि आऱ्यांमधून आत पाहिलं.

चाकाच्या आत लोखंडाची एक चकती असते, डिस्क म्हणतात तिला. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तिला चिमटीत धरतात, आणि गाडी थांबते. पावसाळ्याआधी ती चकती आरशासारखी होती. आता ती गेरूनं सारवल्यासारखी लाल झाली होती. पावसाळाभरचे सगळे ढग तिथं येऊन वाळले होते. दिसायला वाईट नव्हतं, खरं सांगायचं तर सुंदर होतं. कडेला फिका नारिंगी, मध्ये काळपट लाल, आणि पॅड जिथं चिकटून बसला होता तिथं वेगळाच एक गडद ठसा. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. हँडब्रेक ओढून ठेवल्यानं मागचे पॅड डिस्कला धरून बसले होते. पावसाळाभर एकमेकांचा हात धरून बसल्यावर कोण सहज सोडेल.

मी गाडी मागं-पुढं, मागं-पुढं हेलकावली. कुठंतरी खट्ट झालं आणि चाकं सुटली.

गॅरेजवाल्याला फोन केला, तो दिवाळीसाठी गावी गेलेला. म्हणजे सगळी जबाबदारी माझ्या शिक्षणावर आली. ओल, हवा आणि लोखंड एकत्र आलं की काय होतं हे मी पोरांना शिकवलं होतं, त्यामुळं गंजाशी माझी घरची ओळख असल्यासारखी होती. चाकं काढली, सँडपेपर आणला, आणि दुपारभर पत्र्याखाली बसून डिस्क घासल्या. लाल भुकटी मांडीवर पडत होती. संध्याकाळच्या उजेडात खालची चकाकी वर आली, आधी तळ्यात चंद्र हलावा तशी तुटक तुटक, मग सलग. शेवटच्या डिस्कमध्ये तर मला माझं नाक दिसलं. मी खूश झालो. इथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण आमच्या घरी उघडं लोखंड कधी ठेवत नसत. वडील वखराची पास, नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, सगळं काम संपलं की घासायचे, पुसायचे आणि फडक्यानं तेल लावून आढ्याला टांगायचे. "लोखंडाले तेल पाजलं म्हंजे ते निजते," म्हणायचे. तेल न लावता ठेवलेला विळा दिसला तर जेवायला बसायचे नाहीत. ती शिस्त माझ्या डोक्यात नाही, हातात आहे. घासून लख्ख केलेलं लोखंड समोर आलं की माझा हात आपोआप फडकं शोधतो. आणि त्या दिवशी पाडवा. सकाळी बायकोनं रिवाजाप्रमाणं मला पाटावर बसवून अंगाला तिळाचं तेल चोळलं होतं, आणि उरलेली वाटी ओट्याच्या कोपऱ्यात तशीच होती. तेलही सणाचं, दिवसही सणाचा. मी पहिली डिस्क मोठ्या प्रेमानं चोळली.

बायको बाहेर आली. मला वाटलं, तेल वाया घालवल्याबद्दल बोलेल. पण तीही शेतकऱ्याचीच लेक. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मांगची बाजू राह्यली."

"हाव का?"

"मंग. दिसते तेवढंच पुसता. भांडे घासानं असो का काही असो, तुमचं सगळं वरच्यावर." तिनं मोबाईलचा उजेड धरला. "तठी पाहा, फटीत. जाऊ द्या आत."

मी फटीत जाऊ दिलं. सगळ्या चाकांना पुढून-मागून तेल मिळालं. आम्ही दोघं जरा मागं सरकून पाहत उभे राहिलो. डिस्क देवघरातल्या समईसारख्या चमकत होत्या. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून एखादं काम केलं होतं आणि ते मनासारखं झालं होतं.

घर्षणाचा धडा मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी शिकवला. वर्गात झपझप चालत जायचो, खिडकीपाशी एकदम थांबायचो आणि विचारायचो, "मी थांबलो कशामुळं?" पोरं एका सुरात ओरडायची. ही पोरं त्या संध्याकाळी तिथं असायला हवी होती.

भाऊबीजेची सकाळ थंड होती. माळावर धुकं अंथरलेलं. बायकोनं हिरवी रेशमी साडी नेसली, मांडीवर ओवाळणीचं ताट आणि त्यावर करंज्यांचा डबा घेतला, कारण गाडीत सामान ठेवायला जागा म्हणून जी आहे तिच्यात एक नारळ मावतो. तिनं आधी पाठ आत घातली, मग डोकं, मग पाय. पहिल्याच वेळेला मला जमलं नव्हतं इतकं नीट बसली. छप्पर मी उघडं ठेवलं होतं. तिनं वर पाहिलं.

"आभाय दिसते की ह्यातून."

"मंग."

"सांगाचं नाई का आधी."

गाडी फाटकातून बाहेर पडली. आमच्या घरापासून मलकापूरच्या रस्त्यापर्यंत तो रिकाम्या प्लॉटांमधला रस्ता आहे, किंचित उताराचा. धुकं दोन्ही बाजूंनी बाजूला होत होतं आणि मागं पुन्हा मिटत होतं. इंजिनाचा आवाज त्यात बुडून गेल्यासारखा. मी तिसऱ्या गिअरमध्ये आलो. तिच्या कपाळावरचे केस उडत होते आणि ती ते सावरत नव्हती. मला वाटलं, आपण अजून ताडपत्रीखालीच आहोत आणि आता चहा येईल.

समोर रस्त्याच्या अर्ध्या भागात कोणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. आमच्याकडं डांबरी रस्ता हे सरकारनं बांधून दिलेलं खळंच. पिवळ्या दाण्यांची लांबच लांब चादर, तिच्या कडेला दगड मांडलेले, शेजारी खाटेवर एक म्हातारी आणि पलीकडं कुटाराचा ढीग, म्हणजे मळणी झाल्यावर उरलेला भुसा. मी ब्रेक दाबला.

काही झालं नाही.

म्हणजे पाय खाली गेला, पण गाडीला ते कोणी कळवलं नाही. मी आणखी दाबला. सवयीनं क्लचही दाबला, त्यामुळं इंजिनाचा जो काय थोडा धाक होता तोही गेला. हँडब्रेक ओढला. त्यालाही तेल पाजलेलं होतं. गाडी आता कुणाचीच नव्हती. आवाज नाही, धक्का नाही, ती नुसती तरंगत निघाली. पहिला दगड चाकाखालून अलगद बाजूला झाला. मग आम्ही सोयाबीनवर आलो, आणि खाली दाण्यांचा असा काही सर्रर्र आवाज सुरू झाला की जणू कोणी फार मोठं सूप पाखडतंय. म्हातारी खाटेवरून उठली नाही, फक्त मान फिरवत आम्हाला जाताना बघत राहिली. मी तिला नमस्कार केल्याचं आठवतं. ओळखीचं कोणी दिसलं की माझा हात वर जातो. बायकोनं ताट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि डोळे मिटले होते. घाबरून मिटले असं मी तेव्हा समजलो.

मग कुटाराचा ढीग समोर आला, मऊ, मोठा, सोनेरी, आणि आम्ही त्यात शिरलो. इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं.

सगळीकडं शांतता. वरून भुसा पडत होता, हळूहळू, धुक्यातून येणाऱ्या उन्हात चमकत. तो माझ्या टकलावर पडला, तिच्या साडीवर पडला, करंज्यांच्या डब्यावर एक पातळ थर बसला.

म्हातारी काठी टेकत आली. आत वाकून पाहिलं.

"कोन हाये वं माय आत? मास्तर दिसते."

"हाव, मीच."

"हे उडनार होतं का बसनार होतं?"

"थांबनार होतं," मी म्हणालो.

"मंग थांबलं न बापा," ती म्हणाली, आणि गाडीच्या मागं जाऊन चाकाखालचे दाणे मुठीत घेऊन पाहू लागली.

बायकोनं डोळे उघडले. नाकानं दोनदा वास घेतला. पुढच्या चाकांकडून गरम झालेल्या तिळाच्या तेलाचा वास येत होता, थेट पाडव्याच्या सकाळचा. ती माझ्याकडं वळली. मी तिच्याकडं वळलो. दोघांनाही एकाच क्षणी समजलं, आणि तरी ती म्हणाली, "कायचा वास येऊन राह्यला?"

"तेलाचा."

"ब्रेकले तेल लावलं तुम्ही."

"आपन लावलं. मांगची बाजू—"

"ब्रेकले," ती शांतपणे म्हणाली. "घाट उतराचा होता आपल्याले."

ते मात्र माझ्या अजून ध्यानात आलं नव्हतं. हा रस्ता संपला असता, मलकापूरचा रस्ता लागला असता, मग राजूरचा घाट. ताडपत्रीखाली ज्या वळणांवर मी एका हातानं वळायचो ती सगळी एकेक करून डोळ्यांसमोरून गेली. मी कुटाराच्या ढिगाकडं पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला हात जोडले.

तिनं भावाला फोन केला. काय झालं ते सांगितलं नाही, फक्त ये म्हणाली. तो घाट चढून मोटारसायकलवर येईपर्यंत आम्ही दोघांनी म्हातारीचं सोयाबीन झाडून पुन्हा रस्त्यावर नीट पसरलं. रेशमी साडी खोचून बायको दाताळ्यानं दाणे ओढत होती आणि म्हातारी खाटेवरून सांगत होती, इकडं पातळ झालं, तिकडं जाड झालं. दाणे फुटले नव्हते. "टायर गुयगुयीत हाये," म्हातारीनं निकाल दिला, "नाई त सोडलं नसतं तुले."

मेहुणा आला. कुटारातून बाहेर आलेलं गाडीचं पिवळं शेपूट त्यानं बराच वेळ पाहिलं.

"भाऊजी, पेरली का काय?"

त्याला सगळी हकिगत सांगावी लागली. तो हसला नाही, हे त्यानं फार कष्टानं केलं. म्हातारीनं खाट रिकामी करून दिली, त्याला पूर्वेकडं तोंड करून बसवलं. बायकोनं ताटातलं निरांजन काढलं तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. "ताई, दिव्यात तेल हाये न? का सगळं चाकाले लावलं?"

ओवाळणी झाली, करंज्या भुश्यासकट खाल्ल्या. आईला भेटायचंच होतं म्हणून बायको भावाच्या मोटारसायकलवर मागं बसली. जाताना तिनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अटीचं काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. घाट उतरला नव्हता, दारात गाडी उभी केली नव्हती. आता चिखलीचा माणूस येणार आणि मी त्याच्या हातावर किल्ली ठेवणार, एवढं सरळ होतं.

गाडी मी पहिल्या गिअरमध्ये, क्लचला हात, म्हणजे पाय न लावता, माणसाच्या चालीनं घरी आणली. म्हातारी सोबतीला चालत होती. थोड्या वेळानं ती पुढं निघून गेली.

दिवाळीनंतर गॅरेजवाला आला. त्यानं डिस्क धुतल्या, तेल प्यालेले पॅड काढून फेकले, नवे बसवले. काम करताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. शेवटी म्हणाला, "सर, पुढच्या टायमाले जिरे-मोहरीची फोडनी पन देजा." त्याच्याकडून हेही कळलं की तेवढा वरवरचा गंज सावकाश चालवत थोडे हलके ब्रेक मारले की पॅडच घासून काढतात. म्हणजे मी काहीही केलं नसतं तर सगळं ठीक झालं असतं. हे माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल मला उशिरानं कळलेलं आहे.

मग चिखलीचा माणूस आला. भरल्या अंगाचा, हसतमुख. गाडी पाहून त्याचे डोळे लकाकले. तो आत बसला, म्हणजे बराचसा बसला. पत्र्याखाली ती पिवळी नुकतीच पुसलेली, आणि त्याचा हात माझ्या स्टिअरिंगवर. मी खिशातली किल्ली चाचपत उभा होतो. त्याच हातांनी तो आता लोणारच्या काठानं जाणार. मी नजर दुसरीकडं वळवली.

बायको चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आली.

"इंजन मस्त हाये वहिनी," तो म्हणाला.

"हाव, इंजन चांगलंच हाये. फक्त ब्रेकची गोष्ट मास्तरांनी सांगितली का तुम्हाले?"

मी सांगितली नव्हती. तिनं सांगितली. ओट्यावर मांडी घालून, पहिल्यापासून. पाडव्याची वाटी, तिळाचं तेल, फडकं, फटीत बोट घालून घालून लावलेलं तेल. सोयाबीन, म्हातारी, कुटार. मोबाईलचा उजेड कोणी धरला होता तेवढं मात्र तिच्या गोष्टीत आलं नाही. दुकानदाराच्या तोंडात चिवडा तसाच राहिला.

"पन आता लागतेत न ब्रेक?" त्यानं विचारलं.

"लागतेत. नवे टाकले. पन ह्यायच्या हातची गाडी हाये. ब्रेकले तेल लावलं ते समजलं तरी. इंजनात काय टाकलं असन, देवाले मालूम."

त्याला बाहेर काढायला आम्हा दोघांचे हात लागले. चहा घेऊन, विचार करून कळवतो म्हणून, तो गेला. फाटकातून जाताना त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. पण मी मनातून नाचत होतो.

"अट मोडली होती," मी म्हणालो.

"अट माही होती. म्या मोडली."

"काऊन पन?"

ती बशा गोळा करत होती.

"लग्न झालं तवापासून पाहून राह्यले. तुमच्यासंग निघालं की तुम्ही पावलापावलाले थांबता. हा भेटला, तो भेटला, विद्यार्थी भेटला, चला चाहा घेऊ. कधी कुठं येळेवर पोचलो नाई. त्या दिवशी पहिल्या टायमाले तुम्ही कोनासाठी थांबले नाई. सर्रर्र करत चालले नुसते. मले वाटलं, मुद्दामच करून राह्यले. डोये मिटून बसली होती म्या."

"मंग कुटारात गेल्यावर?"

"तवा समजलं. पन तोवर लय बरं वाटलं." तिनं पदरानं ओट्यावरचा चिवडा पुसला. "आता लागतेत न खरंच ब्रेक?"

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. आधी त्याच रिकाम्या रस्त्यावर मी पुन्हा पुन्हा ब्रेक मारून दाखवले, ती समाधान होईपर्यंत मोजत बसली. मग मलकापूरचा रस्ता, आणि मग घाट. ऊन तिरपं होतं, सागाची पानं मोठी आणि करडी झालेली, आणि वळणावळणावर माकडं कठड्यावर बसून रस्ता बघत होती. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

पहिल्या वळणाच्या आधी ती म्हणाली, "थांबा." मी थांबलो. गाडी जिथं म्हटलं तिथं, एक वीतही पुढं न जाता उभी राहिली. तिनं मान हलवली. पुढं एका बाईकडून सीताफळं घ्यायची म्हणून थांबा म्हणाली, मी थांबलो. मग एकदा माकडाच्या पोटाशी पिल्लू दिसलं म्हणून. मग खाली उतरता उतरता एका मोकळ्या वळणावर, जिथं सीताफळं नव्हती, माकडं नव्हती, काहीच नव्हतं, तिथंही ती म्हणाली, "थांबा."

मी इंजिन बंद केलं. खाली मोताळ्याकडची सगळी जमीन उन्हात पडलेली. कपाशीची वावरं पांढरी, मक्याची पिवळी, मध्ये कुठंतरी धुराची एक सरळ रेघ, आणि त्याही पलीकडं, दिसतंय असं वाटावं इतपत, तिचं गाव. वरून आभाळ आत येऊन बसलं होतं. मांडीवरच्या सीताफळांचा वास येत होता.

तिचा फोन वाजला. भाऊ होता. आई दारात येऊन बसली आहे, कुठंवर आले, विचारत होता.

"येऊन राह्यलो," ती म्हणाली. फोन पदराखाली सरकवला, एक सीताफळ फोडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. निघा मात्र म्हणाली नाही.